खेळणी कुठे ठेवायची, हे ठरायचं राहिलं

विहीणबाई,

परवा दिल्लीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. पाच जण बोलले. तिघांनी तुम्हाला मातृहृदयी म्हटलं, एकाने दीपस्तंभ, आणि अध्यक्षांनी तुमच्या गणित शिकवण्याला ज्ञानयज्ञ ठरवून त्या यज्ञात स्वतःच्या कारकिर्दीचा आढावा टाकला. फोटोला घातलेला हार इतका जाड होता की तुमचं चष्म्याच्या वरचं कपाळ तेवढं दिसत होतं. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर असतात तर माझ्याकडे झुकून नक्की विचारलं असतंत, ‘‘नानासाहेब, या बाई कोण हो? चांगल्या होत्या वाटतं.’’

मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी घसा बसल्याचं कारण दिलं. घसा ठणठणीत होता. मला जे बोलायचं आहे ते खेळण्यांबद्दल आहे, आणि दीपस्तंभानंतर उठून प्लास्टिकच्या गाईबद्दल बोलणं बरं दिसलं नसतं. म्हणून हे लिहितो आहे.

आधी घरची हकिकत. त्या शेवटच्या बुधवारी मुलांच्या नोएडाच्या घरातून निघताना तुम्ही हॉलमधल्या बुटक्या रॅकच्या खालच्या खणात चार गाठोडी ओळीने ठेवून गेलात. ती अजून तिथेच आहेत. तुमचे दिवस आटोपून आम्ही फरीदाबादहून परत आलो, तेव्हापासून तुमच्या मुक्ताने त्यांना कुणाला हात लावू दिलेला नाही. जुई पहिल्याच दिवशी धावत जाऊन एका गाठोड्याला लोंबकळली. मुक्ताने तिला उचलून बाजूला बसवलं आणि म्हणाली, ‘‘हे आजीने बांधलंय ना? हात नाही लावायचा.’’ रागावली नाही. रडलीही नाही. तीन आठवडे झाले, तुमची लेक रडलेलीच नाही. ऑफिसला जाते, येते, हातपाय धुते आणि रॅकसमोर जमिनीवर बसून त्या चार गाठींकडे बघत राहते.

आणि अडीच वर्षांची आपली नात? काल तिने कापडी सशाला कोपऱ्यात उभं केलं आणि बोट नाचवून त्याला दम दिला, ‘‘हात नाही लावायचा. आजीचं आहे.’’ मग स्वतः रॅककडे पाठ करून बसली आणि माझ्या चपलेच्या पट्ट्याशी खेळू लागली. खेळण्यांनी भरलेल्या घरात पोरगी चपलेशी खेळते आहे.

हे थांबायला हवं, एवढं मला कळतं. पण सांगणार कोण? गाठोड्यांचा जाहीर विरोधक मी. आठ-नऊ महिने मी त्यांच्याविरुद्ध बोललो, तेही मुक्ता आणि माझ्या निखिलच्या समोर. आता मी म्हणालो की ‘सोडूया ती गाठोडी’, तर त्याचा अर्थ एकच निघेल. विहीणबाई गेल्या आणि म्हाताऱ्याने महिन्याच्या आत आपलं खरं केलं.

आपली ओळख तशी जुनी. कोपर्निकस मार्गावर मुलांच्या लग्नाची पहिली बैठक झाली तेव्हा तुम्ही एकट्या आला होतात, हातात फाईल घेऊन. मीही एकटाच, कारण माझी बायको शैला त्याआधीच गेलेली. आपल्या दोघांकडचे काका-मामा मानपानावर तासभर बोलले. तुम्ही आणि मी एकमेकांशी बोललो ते एवढंच: ‘‘पंखा जरा कमी करता का?’’ त्यानंतरची दोन-तीन वर्षंही तशीच गेली. दिवाळीला फोन, संक्रांतीला तिळगूळ, ‘आपली तब्येत कशी आहे’. खरी ओळख झाली ती जुईला सांभाळायची पाळी आल्यावर.

मुक्ताची रजा संपली, निखिलला घरून काम करायची सोय नव्हती. तेव्हा ठरलं की रविवारी संध्याकाळी तुम्ही फरीदाबादहून यायचं, बुधवारी दुपारी मी दिल्लीतल्या द्वारकेहून यायचं आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबायचं. बुधवारी बारा ते दोन आपण दोघंही घरात. सरकारी नोकरीत चार्ज देतात-घेतात, अगदी तसं. ‘‘दूध अकराला दिलंय. शी झालीय. उजव्या गालावर लाल आहे ते डासाचं आहे, पडल्याचं नाही.’’ मी मान डोलवून मुलगी ताब्यात घ्यायचो. मग वरणभात, आणि मग तुम्ही कालकाजीला गाडी बदलून फरीदाबादला.

तुम्ही मला नानासाहेब म्हणायचात. मी म्हटलं, ‘‘साहेब कापा, नुसतं नाना म्हणा.’’

‘‘छे, आम्ही मुलीकडचे. कापून कसं चालेल?’’

‘‘घर भाड्याचं आहे, भाडं तुमची मुलगी निम्मं भरते. इथे मुलाकडचं कोण आणि मुलीकडचं कोण?’’

‘‘ते खरं हो. पण रीत म्हणून काही आहे ना.’’

या रीतीपायी आपण तीन महिने एकमेकांशी खेळण्यांतून बोललो. मी मंत्रालयाच्या ग्रंथालयात उभी हयात घालवलेला माणूस. खेळण्यांचा ढीग बघून माझे हात शिवशिवले. आठ पारदर्शक डबे आणले, प्रत्येकावर चित्र चिकटवलं आणि खाली शब्द लिहिला: वाहने, प्राणी, ठोकळे, भांडी. शेवटच्यावर ‘संकीर्ण’. मुक्ताने विचारलं, ‘‘बाबा, संकीर्ण म्हणजे?’’ मी सांगितलं. ती म्हणाली, ‘‘अच्छा, म्हणजे मिसलेनियस,’’ आणि त्या दिवसापासून घरातलं सगळं त्याच डब्यात पडू लागलं. खेळणी, रिमोट, निखिलची ऑफिसची किल्ली. महिन्याभरात सात डबे निम्मे रिकामे आणि संकीर्णचं झाकण बसेना.

पुढच्या बुधवारी आलो तर रॅक भिंतीला स्क्रूने पक्कं केलेलं. तुम्ही कधी बोलला नाहीत, की मुलं रॅकवर चढतात आणि रॅक अंगावर येतं, हे ग्रंथपालाला कळायला हवं होतं. नुसता मिस्त्री बोलावलात. त्याच्या पुढच्या बुधवारी आठही झाकणं गायब. मी ती शोधून परत लावली. पुढच्या बुधवारी परत गायब. मणी, छोटी चुंबकं, सेल असलेली घड्याळं असं सगळं वरच्या कपाटात, कुलपात. ते मात्र मी तिथेच राहू दिलं. ते मलाच सुचायला हवं होतं. दोन शिकलेली, पेन्शन खाणारी माणसं, आणि एकाने लावायचं, दुसऱ्याने काढायचं. तोंडाने मात्र, ‘‘चहा घेणार ना?’’

ही कोंडी फुटली ती हत्तीमुळे.

तुम्हाला तो हत्ती आठवत असेलच. विसरण्यासारखा नव्हता. भगव्या रंगाचा, प्लास्टिकचा, कमरेइतका उंच. पोटात खेळणी टाकायची, पाठ म्हणजे झाकण. झाकण उघडलं की हत्ती इंग्रजी बाराखडी गायचा, आणि बंद केलं तरी ती पूर्ण केल्याशिवाय थांबायचा नाही. बाल्कनीच्या दाराचा तिसरा हिस्सा त्याने अडवला होता. माझ्या मते ती वस्तू म्हणजे घरावर आलेलं संकट होतं. पण ती तुम्ही आणलेली. विहिणीच्या आहेराला नावं कशी ठेवायची?

एका बुधवारी तुम्ही घास हातात धरून म्हणालात, ‘‘नानासाहेब, राग मानणार नसाल तर एक विचारू? तुमचा हत्ती थोडा बाल्कनीत सरकवला तर चालेल? जुई दचकते.’’

‘‘माझा हत्ती?’’

‘‘म्हणजे, तुम्ही आणलेला.’’

‘‘विहीणबाई, हत्ती तुम्ही आणलात.’’

‘‘मी? असला हत्ती? मी तर त्याला रोज ओल्या फडक्याने पुसते. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटायला नको.’’

‘‘मी त्याचे सेल बदलले. दोनदा. म्हटलं, तुमचा मान राहावा.’’

आपण निखिलला ऑफिसात फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, ‘‘हत्ती? तो आधीच्या भाडेकरूंचा आहे. राहिला त्यांचा शिफ्टिंगमध्ये. मी तर फेकणारच होतो, पण तुम्ही दोघं त्याला एवढं जपता, म्हटलं राहू दे यार, म्हाताऱ्या माणसांचं मन कशाला मोडा.’’

म्हणजे तीन महिने चार माणसं एका परक्या हत्तीचा मान राखत होती. तुम्ही डाव्या हाताने डोळे पुसत, उजवा हात ताटावर तसाच धरून हसत होतात, आणि जुई काही न कळता टाळ्या वाजवत होती. मी तुम्हाला पहिल्यांदा असं हसताना पाहिलं. त्याच दुपारी कबाडीवाला वर बोलावला. तो म्हणाला, ‘‘माताजी, ये तो गाना भी गाता है।’’ तुम्ही म्हणालात, ‘‘इसीलिए तो दे रहे हैं, भैया।’’

हत्ती गेला आणि हॉल मोठा झाला. आपणही मोकळे झालो. मी म्हटलं, ‘‘आता खरं सांगा. माझे डबे कसे वाटतात?’’

‘‘झाकणं नकोत.’’

‘‘एवढंच?’’

‘‘डबेही नकोत.’’

पुढच्या आठवड्यात गाठोडी आली. तुमच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांचे चार चौकोन. एक निळा, एक पिवळा, एक हिरवा, एक वांगी रंगाचा. प्रत्येकात एका खेळाचं सामान. जमिनीवर ठेवायचं, गाठ सोडायची की फडकं पसरतं आणि तेच खेळायचं अंगण होतं. खेळ संपला की चार टोकं उचलायची आणि सगळं आपोआप मधे गोळा होतं. एका वेळी एकच सोडायचं, बाकीची झोपलेली. तुमचं म्हणणं असं की लहान मुलासमोर चाळीस खेळणी मांडली तर ते एकाशीही खेळत नाही, नुसतं फेकत सुटतं, आणि पाच ठेवली की बसतं.

मी पिवळं सोडून बघितलं. ‘‘यात गाय आणि विमान एकत्र आहेत.’’

‘‘मग?’’

‘‘प्राणी आणि वाहन, विहीणबाई.’’

‘‘ती गाय विमानाने आजोळी चाललीय. जुईने ठरवलंय. तुमच्या पद्धतीत ती बिचारी जन्मभर गाईंच्यातच बसणार.’’

‘‘आणि मुलीला विमान हवं असलं तर? चार गाठोडी सोडून शोधायचं?’’

‘‘तिला विचारा. तिला पाठ आहे कशात काय ते. तुम्हाला नाही, तो तुमचा प्रश्न.’’

मी म्हटलं की डब्यात वस्तू डोळ्यांना दिसते, मूल स्वतः जाऊन घेतं, कुणाच्या गाठी सोडायला बसत नाही. हाही मुद्दा काही वाईट नव्हता आणि तुम्ही तो पुढे मान्य केलात, पण अर्धाच. वरच्या दोन खणांत माझे डबे राहिले, विनाझाकणाचे. खालचा खण गाठोड्यांचा. आपल्या दोघांच्या राज्यांची सरहद्द जमिनीपासून फूटभर उंचीवर होती. मी तेव्हा मुक्ता-निखिलच्या समोर जाहीर केलं, ‘‘माझ्या दिवसांत मी गाठोड्यांना हात लावणार नाही.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘बिलकुल लावू नका. नीट बांधता येणार नाहीत.’’

जानेवारीत मंडळाची बस पानिपतला निघाली, काला अंबला, म्हणजे तिथल्या लढाईच्या स्मारकाला. आपण सगळे गेलो. तिथे पोचल्यावर पहिली दहा मिनिटं खरोखर सगळे गप्प होते. मग ध्वनिक्षेपक सापडला. वक्त्यांनी लढाई जितकी चालली त्याहून जास्त वेळ घेण्याचा निश्चय केलेला दिसत होता. मुलं रडायला लागली. तुम्ही पिशवीतून हिरवं गाठोडं काढलंत आणि मागे गवतावर सोडलंत. पाच मिनिटांत बसमधली सगळी पोरं तुमच्याभोवती, दहा मिनिटांत त्यांच्या आया, आणि थोड्या वेळाने बाबालोकही ‘मुलांकडे बघतो’ म्हणून. वक्त्यांसमोर अध्यक्ष आणि मी उरलो. मी शिष्टाचार म्हणून बसलो होतो असं तुम्हाला सांगितलं. खरं म्हणजे मला उठायचं होतं, पण उठलो असतो तर गाठोड्याच्या बाजूने मत दिल्यासारखं झालं असतं.

परतीच्या बसमध्ये तुम्ही एवढंच म्हणालात, ‘‘आठ डबे आणले असते का हो तुम्ही?’’ मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, धुकं होतं.

शेवटच्या बुधवारचं भांडण अर्धवट राहिलं. विषय होता आवरायचं कुणी. तुम्ही म्हणत होतात की टोकं जुईने आणून द्यायची, गाठ आपण मारायची. आवरणं हा खेळाचाच शेवटचा डाव आहे. मी म्हणत होतो की अडीच वर्षांच्या मुलीला शिस्त लावणाऱ्या घरात पुढे कारकून तयार होतात, मी त्यांच्यात राहिलो आहे. तुम्ही पर्स काखेला लावली, घड्याळ बघितलं. ‘‘गाडी चुकेल. पुढच्या बुधवारी तुमची खोड मोडते.’’ लिफ्टचं दार लागता लागता जुईला म्हणालात, ‘‘नानांना त्रास दे हं भरपूर.’’

शनिवारी सकाळी फरीदाबादच्या शेजारणीचा फोन आला. तुम्ही चहाचा कप ओट्यावर ठेवून खुर्चीत बसलात आणि उठला नाहीत.

आता कबुली. तुमच्यापाशीच पहिल्यांदा देतो आहे.

विहीणबाई, मी गाठोडी सोडायचो. दर गुरुवारी-शुक्रवारी. सकाळी निखिल-मुक्ता बाहेर पडले, लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला की जुई पिवळ्याचं टोक ओढत आणायची आणि मी खाली बसायचो. गुडघे कुरकुर करायचे तरी बसायचो. त्या गाईला मी स्वतः विमानात बसवलं आहे. तिच्या आजोळच्या घरातली मंडळी कोण कोण, हे जुईने मला सांगितलेलं आहे. संध्याकाळी ती दोघं परतायच्या आत चारही गाठोडी परत बांधून जागच्या जागी ठेवायचो, आणि शुक्रवारी द्वारकेची मेट्रो पकडायचो. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही बसमधल्यासारखं एकच वाक्य बोलला असतात आणि मला ते जन्मभर पुरलं असतं. म्हणून नाही सांगितलं. आता वाटतं, ऐकून घ्यायला हवं होतं.

त्या गुरुवारी-शुक्रवारीही मी ती सोडली होती. चारही. म्हणजे मुक्ता ज्या गाठींना इतकं जपते आहे त्या तुमच्या नाहीतच. माझ्या आहेत.

देवळातल्या पादुका नक्की कुणाच्या, असं पुजाऱ्याला विचारून बाहेर काढला गेलेला माणूस मी. आणि आता माझ्याच सुनेच्या घरात माझ्याच हातच्या गाठींची पूजा चालली आहे आणि मी तोंड उघडत नाही. उघडलं तर तिच्याकडचं तुमच्या हातचं शेवटचं काही मी काढून घेणार. नाही उघडलं तर जुई चपलेशी खेळणार. तुम्ही काय केलं असतंत, ते मला माहीत आहे. तुम्ही न बोलता मिस्त्री बोलावला असतात. मला तसं जमत नाही.

इथवर लिहून मी कागद बाजूला ठेवला होता. मधे चार दिवस गेले. पुढचं आज लिहितो आहे, कारण काल ते घडलं.

काल रविवार. निखिल भाजी आणायला गेला होता. मुक्ता नेहमीच्या जागी, रॅकसमोर. जुई सोफ्याखाली सशाबरोबर. मी एक प्रस्तावना तयार केली होती. ‘स्मृती ही वस्तूंत नसते’ असं काहीतरी, मंडळाच्या अध्यक्षांना शोभणारं. तोंड उघडलं आणि निघालं ते असं:

‘‘मुक्ता, ती गाठोडी तुझ्या आईने बांधलेली नाहीत.’’

तिने मान वळवली. ‘‘म्हणजे?’’

‘‘मी बांधलीत. तिने बुधवारी बांधलेली मी गुरुवारी सोडली. नेहमीच सोडायचो. तुम्ही यायच्या आत परत बांधायचो.’’

‘‘तुम्ही? बाबा, तुम्ही तर हात लावणार नव्हता.’’

‘‘ते तुमच्यासमोर.’’

‘‘चारही?’’

‘‘चारही. पिवळं तर शुक्रवारी दोनदा.’’

तिने पिवळं गाठोडं मांडीवर घेतलं आणि गाठीवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता ती उठून आत जाईल आणि मी बॅग भरावी.

‘‘ही बघा,’’ ती म्हणाली. ‘‘ढिली आहे. एक टोक एवढं लांब, दुसरं आत गेलंय. आई अशी गाठ कधी मारायचीच नाही. मी लहानपणापासून बघतेय, तिची गाठ दातांनी सोडावी लागायची.’’ तिने लांब टोक बोटाला गुंडाळलं. ‘‘मला वाटलं, त्या बुधवारी तिच्या हातात जोरच नव्हता. तिला बरं वाटत नसणार. आणि मी संध्याकाळी आले, हे समोर होतं, आणि मी बघितलं नाही. नीट बघितलं असतं तर कळलं असतं, डॉक्टरकडे नेलं असतं. मी रोज हेच बघते, बाबा. चारही गाठी तशाच आहेत.’’

विहीणबाई, मी मूर्ख आहे. मी समजत होतो ती आठवण जपते आहे. ती पुरावा बघत होती, स्वतःविरुद्ध.

मी म्हटलं, ‘‘त्या बुधवारी लिंबाच्या लोणच्याची नवी बरणी माझ्याने उघडेना. तुझ्या आईने माझ्या हातातून घेतली आणि एका झटक्यात उघडली. वर मला म्हणाली, ‘नानासाहेब, पोळी खात जा.’ हातात जोर होता तिच्या. पाहिजे तर निखिलला विचार, बरणीचं झाकण माझ्याने अजून उघडत नाही.’’

‘‘खरंच?’’

‘‘अगदी खरं. हे ओंगळ काम माझं आहे.’’

तिने परत गाठीकडे बघितलं, या वेळी वेगळ्या नजरेने. ‘‘म्हणजे ही इतकी बेकार गाठ तुमची? एवढी वर्षं लायब्ररीत गठ्ठे बांधत होता ना तुम्ही?’’

‘‘मी फक्त सही करायचो. बांधणारे वेगळे होते.’’

ती हसली. आधी नुसती नाकाने, मग सगळीच. हसता हसता ताटावर हात धरून बसलेल्या तुम्ही मला दिसलात, इतकी ती तुमच्यासारखी हसते. आणि हसणं कुठे संपलं ते कळलं नाही, कारण त्यातच ती रडत होती. पिवळं गाठोडं पोटाशी धरून, मोठ्याने, लहान मुलीसारखी. मी पाणी आणलं, ते नको होतं. मी नुसता शेजारी बसलो.

जुई सोफ्याखालून बाहेर आली. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग सरळ येऊन गाठोड्याचं लांब टोक मुठीत धरलं आणि थबकली. मुक्ताने नाक पुसलं. ‘‘ओढ,’’ ती म्हणाली. ‘‘नानांची गाठ आहे. लगेच सुटेल.’’

सुटली. गाय, विमान, लाकडी चमचे, झाकण नसलेला कुकर, सगळं फरशीवर घरंगळलं. मग जुईने न विचारता निळं आणलं, हिरवं आणलं, वांगी आणलं. एका वेळी एकच, हा तुमचा नियम मी मनातल्या मनातच म्हटला. दार वाजलं. मी कडी काढली. निखिल दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन उंबऱ्यात उभा. पाय ठेवायला जागा नव्हती. बायकोचे डोळे लाल, मुलगी फडक्यांच्या मधोमध, सगळीकडे पसारा.

‘‘अरे, हे काय झालं?’’

‘‘काही नाही,’’ मुक्ता खालूनच म्हणाली. ‘‘तू कडेकडेने ये. खेळ चालू आहे.’’